धरण एक, सरकारं दोन आणि हमी कुणाची?

प्रश्न : तिलारीचं धरण आमच्या दोडामार्ग तालुक्यात आहे, पण पाणी बरंचसं गोव्याला जातं. नववीतला मुलगा विचारतो, दोन्ही राज्यांनी मिळून एकच महामंडळ का नाही काढलं? आणि गोव्याने बाँड (कर्जरोखे) काढून पैसे उभे केले असं ऐकलंय, ते खरं का?
– एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : मुलाला आधी शाबासकी द्या, कारण हा प्रश्न मोठमोठ्यांना पडत नाही. एकच महामंडळ काढता आलं नसतं, निदान दोन विधानसभांना तरी नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत ४४ नंबरची नोंद आहे, तिच्यात म्हटलंय की ज्या महामंडळाचं काम एकाच राज्यापुरतं नाही ते काढायचा अधिकार संसदेचा. पाणी राज्याच्या यादीत असलं तरी महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत आणि गोव्याचा गोव्याच्या, दोडामार्गचा नाका ओलांडला की संपला. तसा एक रस्ता आहे, कलम २५२ : दोन्ही विधानसभांनी ठराव करून संसदेला सांगायचं की तुम्हीच आमच्यासाठी कायदा करा. पण आपल्या हातातला अधिकार आपणहून दिल्लीला नेऊन द्यायला कुठलं राज्य तयार होतंय सांगा! दामोदर खोऱ्याचं महामंडळ असंच केंद्राच्या कायद्याने निघालं, १९४८ साली, बंगाल-बिहारच्या संमतीने, पण तो काळ वेगळा होता.

मग तिलारीत काय केलं, तर १९९० साली दोन राज्यांनी करार केला, सामाईक कामाच्या खर्चात ढोबळमानाने पाऊण वाटा गोव्याचा आणि पाव महाराष्ट्राचा, आणि देखरेखीला आंतरराज्य नियंत्रण मंडळ. आता पाऊण खर्च म्हणजे गोव्यासारख्या छोट्या राज्याला केवढं ओझं, बजेटमधून दरवर्षी थोडे थोडे देत बसले असते तर धरण कधी पुरं झालं असतं देव जाणे. म्हणून गोवा विधानसभेने १९९९ मध्ये वेगळा कायदा करून गोवा तिलारी पाटबंधारे विकास महामंडळ काढलं, त्याने बाजारात बाँड विकायचे आणि सरकारने त्यांना हमी द्यायची. म्हणजे तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. महाराष्ट्राच्या बाजूला कोकण पाटबंधारे महामंडळ, त्याचा कायदा वेगळा. धरण एक आणि कायदे दोन, मध्ये फक्त एक करारनामा.

अमेरिकेत हे सरळ करतात. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीच्या विधिमंडळांनी १९२१ मध्ये एकच करार आपापला कायदा म्हणून मंजूर केला, वरून अमेरिकन संसदेची संमती घेतली आणि दोघांचं मिळून एकच पोर्ट ऑथॉरिटी निघालं. त्याने बाँड विकून पूल बांधले आणि टोलमधून पैसे फेडले. आपल्या घटनेत राज्यांनी आपसात कायद्याच्या ताकदीचा करार करायची अशी सोयच नाही. बिनसलं की कलम १३१ खाली थेट सुप्रीम कोर्ट, नाहीतर पाणीतंटा लवाद, आणि लवाद म्हणजे दोन पिढ्यांची बेगमी.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या पीएफ ट्रस्टने नव्वदच्या दशकात कृष्णा खोऱ्याचे बाँड घेतले होते, 'सरकारची हमी आहे' या एका वाक्यावर. ही हमी म्हणजे नक्की काय असतं?
– एक निवृत्त कामगार, सांगली

उत्तर : तुमच्या मेहुण्याने सोसायटीतून कर्ज घेतलं आणि तुम्ही जामीन राहिलात, तसंच. कागदावर कर्ज मेहुण्याचं. बँकेचा माणूस दारात येईपर्यंत तुमच्या वहीत त्याची एक ओळसुद्धा नसते.

कृष्णा खोऱ्याचं महामंडळ १९९६ च्या कायद्याने निघालं आणि घाई कशाची होती तर कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाची. लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता, म्हणून तोवर जमेल तेवढी धरणं बांधून पाणी अडवून घ्यायचं, आणि त्याला लागणारा पैसा तिजोरीत नव्हता. शेजारच्या राज्याशी भांडण नसतं ना, तर हे बाँड इतक्या घाईने निघालेच नसते असं माझं मत आहे.

आता खरी गंमत इथे आहे. पुलावर टोल बसवता येतो, कालव्यावर काय बसवणार? पाणीपट्टी ती किती आणि त्यातली वसूल होते ती किती! त्यातून कालव्यातला गाळसुद्धा निघत नाही, बाँडचं व्याज कुठून निघणार. म्हणजे शेवटी फेडायचं सरकारच्याच तिजोरीतून, फक्त कर्ज महामंडळाच्या नावावर असल्यामुळे ते राज्याच्या कर्जात दिसायचं नाही. कलम २९३ प्रमाणे राज्यावर केंद्राचं कर्ज बाकी असेल तर नवीन कर्जाला केंद्राची परवानगी लागते, महामंडळाच्या बाँडला ती लागत नव्हती, ही खरी सोय होती. २०२२ पासून केंद्राने ही पळवाट आवळली, राज्याच्या बजेटमधून फेडलं जाणारं महामंडळाचं कर्ज राज्याच्याच कर्जमर्यादेत धरायला लागले, आणि राज्यांनी त्यावर आरडाओरडा केला, केरळ तर सुप्रीम कोर्टात गेलं.

प्रश्न : तिलारीचा कालवा फुटला की आमचे नळ बंद. दाद मागायची कुणाकडे?
– एक गृहिणी, बार्देश

उत्तर : ताई, मी तो कालवा पाहिलाय, काँक्रीटच्या सांध्यातून मनगटाएवढी झाडं आलीयत आणि खाली मातीत ओल दिसते, फुटायच्या आधी तो असा सांगत असतो. पण बांधायला बाँड निघतात, दुरुस्तीला कुणी काढत नाही! आणि फुटला महाराष्ट्रात तरी कोरडे नळ गोव्यात, मग आधी पैसे कुणी टाकायचे यावर पत्रव्यवहार.

तुम्ही तुमच्या पाणीपुरवठा खात्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, करार दोन सरकारांमधला असल्यामुळे त्यावर बोट ठेवून तुम्हाला भांडता येत नाही, पण पाणी द्यायची जबाबदारी तुमच्या सरकारची आहेच. पुढे जायचंच झालं तर कलम २२६ खाली हायकोर्टात रिट अर्ज. तुम्ही पर्वरीला जाल, दोडामार्गचा माणूस आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जाईल, कोर्ट मात्र दोघांचं एकच, मुंबई हायकोर्ट.