तळव्याचं रेक्झिन सोलण्याआधी

शेजारच्या आजींनी वृद्धाश्रमात जाताना दिलेला टेडी, तळव्यांचं रेक्झिन पापुद्रे सुटल्यासारखं निघतंय, पायावर मळकं लेबल आहे, आणि तुम्ही विचारताय की तळवे नवे शिवून, धुऊन मग विकायला काढू का. अहो, थांबा! नेमकं हेच मी बारा वर्षांपूर्वी करून बसलोय.

माझा चॅड व्हॅलीचा होता. ही खेळण्यांची कंपनी बर्मिंगहॅमच्या हार्बोर्नची, मीही तेव्हा बर्मिंगहॅमलाच, म्हणून जरा जास्तच जीव. कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) १५ पौंडांना मिळाला. उजव्या तळव्यावर चौकोनी कापडी लेबल, एक कोपरा उसवलेला. एका दुरुस्तीवाल्यांकडे (नाव नको) "तळवे बदला" एवढंच सांगून सोडून आलो. परत मिळाला तो करकरीत नव्या फेल्टचे तळवे घालून. लेबल कुठंय विचारलं, तर म्हणे जुन्या तुकड्यांबरोबर गेलं असेल. तुम्ही ठेवा म्हणाला नव्हतात ना! फोटोही मी काढलेला नव्हता.

आता त्या चिंधीचं एवढं काय? १९३८ साली चॅड व्हॅलीला राणी एलिझाबेथचं, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या पत्नीचं, रॉयल वॉरंट (राजघराण्याचे पुरवठादार म्हणून अधिकृत मान्यता) मिळालं आणि लेबलांवर राणीचा उल्लेख यायला लागला. १९५२ मध्ये राजा गेला, मुलगी गादीवर आली, आई 'क्वीन मदर' झाली. पुढच्या लेबलांवरचा मजकूरही तसा बदलला. म्हणजे एका शब्दावरून टेडी आधीचा की नंतरचा ते कळतं. मला 'क्वीन' वाचल्याचं पक्कं आठवतं. पुढे 'मदर' होतं का? अजून कधीकधी रात्री आठवायचा प्रयत्न करतो, नाही आठवत. लिलाववाल्यांनी यादीत लिहिलं, "बहुधा ब्रिटिश, विसाव्या शतकाचा मध्य". त्या 'बहुधा'ने घात केला. ४० पौंड आले, त्यातून त्यांचं कमिशन गेलं.

मी काही तज्ज्ञ नाही, घरात दहा-बारा टेडी आहेत इतकंच. पण माझं मत विचाराल तर सोललेलं मूळ रेक्झिन नव्या फेल्टपेक्षा केव्हाही बरं. फारच गळत असेल तर वरून पातळ जाळीचं कापड टाचा, खालचं काढू नका.

धुण्याचं तर नावच नको. आत लाकडाचा बारीक कीस नाहीतर कापोक असतो, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसासारखाच. आजोळची सावरीची उशी कधी भिजवली असेल तर पुढचं सांगायला नको. धुता येणारे टेडी वेंडी बोस्टन या ब्रिटिश कंपनीने १९५४ मध्ये आणले, त्यांत फोम असतो, पण त्यांचे हातपाय फिरत नाहीत. तुमच्याचे फिरतात म्हणताय, म्हणजे तो विषय संपला.

जुन्या टेडींची लव बहुधा मोहेरची असते. मोहेर हे अँगोरा शेळीचे केस (सशाचे नव्हेत, हा घोळ सगळे घालतात), त्यामुळे कसर लागते. पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्याकडे मटारशेजारी टेडी बघून बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही.

आणि 'फार्नेल असावा' (फार्नेल ही जुनी ब्रिटिश टेडी कंपनी) म्हणणाऱ्यांपासून जपून. ख्रिस्तोफर रॉबिनचा, म्हणजे 'विनी द पू'च्या लेखकाच्या मुलाचा, टेडी १९२१ मध्ये लंडनच्या हॅरॉड्स दुकानातून घेतलेला फार्नेलचा होता, तेव्हापासून बिनलेबलाचं प्रत्येक अस्वल विकणाऱ्याच्या तोंडी फार्नेलचं होतं. तसंच कानात बटण म्हणजे जर्मन कंपनी स्टाइफचाच असंही नाही, इंग्लंडमधल्या आयर्नब्रिजच्या मेरीथॉट कंपनीच्या सुरुवातीच्या टेडींनाही असायचं.

आजींना अजून भेटता येत असेल तर लहानपणीचा, टेडीसोबतचा एखादा फोटो आहे का विचारा. पण त्याआधी, आजच, दिवसाउजेडी लेबलाचा जवळून फोटो काढून इथे टाका. 'क्वीन'च्या पुढे काय आहे ते मला बघायचंय.