बरोक ऑपेरात सोप्रानोनं आरिया परत गाताना किती सजवावी? साधं गाणं जास्त प्रामाणिक नाही का?

"साधं गाणं जास्त प्रामाणिक" हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं माझ्या एका मैत्रिणीच्या तोंडून ऐकत आले आहे. तुमच्या प्रश्नात ते पुन्हा दिसलं आणि लिहायला बसले.

तुमचं म्हणणं असं, की अठराव्या शतकातल्या हँडेलसारख्या बरोक संगीतकाराच्या आरियात, म्हणजे ऑपेरातल्या एकल गाण्यात, मधला भाग संपून पहिला भाग परत सुरू झाला की हल्लीच्या सोप्रानो (उंच आवाजाच्या गायिका) चाल ओळखू येऊ नये इतकी नक्षी काढतात, आणि त्यावरून रसिक हमरीतुमरीवर येतात. मग मूळ चाल आहे तशी का गाऊ नये? माझं मत सरळ सांगते. परत गाताना काहीही न बदलणाऱ्या गायिकेनं अर्धंच काम केलेलं असतं. तिला प्रामाणिक म्हणणं हा कौतुकाचा अपव्यय आहे. आता हे मी इतक्या जोरात का म्हणते, ते ऐका.

मी दादरची. आठ वर्षं ख्याल शिकले, लग्न झालं आणि 1998 मध्ये लंडनला आले. इथे ऑपेराची गोडी लागली ती या मैत्रिणीमुळे. ती निवृत्त लॅटिन शिक्षिका, चर्चच्या गायकवृंदात आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज, गाते. हँडेलच्या कार्यक्रमाला मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक आणि हातात पेन्सिल घेऊन बसते. गायिकेनं छापलेल्यापेक्षा वेगळा सूर लावला की त्या जागी फुली.

एका हिवाळ्यात उत्तर लंडनमधल्या एका चर्चमध्ये आम्ही हँडेलचा 'जूलिओ चेझारे', म्हणजे ज्युलियस सीझर, ऐकायला गेलो. नेपथ्य नाही, पोशाख नाहीत, मोजून आठ वादक. क्लिओपात्रा गाणारी मुलगी पंचविशीचीही नसेल. तिसऱ्या अंकात 'पियान्जेरो ला सोर्ते मिया' आलं. क्लिओपात्रा भावाच्या कैदेत आहे आणि सीझर बुडाला असं तिला वाटतंय. छातीत जीव आहे तोवर मी माझ्या नशिबावर रडेन, असं ती म्हणते. मग मधल्या भागात एकदम उसळते: मेल्यावर भूत होऊन त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळीन. आणि पुन्हा पहिलं रडणं.

पहिल्या वेळी ती मुलगी अगदी सरळ गायली, शेवटी एक छोटा ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची जलद थरथर) घेतला, बस. मधला भाग तिनं दात-ओठ खाऊन म्हटला. मग पुन्हा 'पियान्जेरो' आलं, तेव्हा पहिल्या सुरावर ती लगेच उतरलीच नाही. शेजारच्या सुरावर टेकली, थांबली, मग खाली आली. त्याला अपोजातुरा म्हणतात, आपण कणस्वर लांबवावा तसं. 'सी क्रुदेले' (इतकं क्रूर) या शब्दांवर तीन-चार सुरांचं एक वळण घेतलं आणि ते खाली वळवलं. पहिल्या भागाच्या शेवटच्या शब्दावर, 'अव्रो'वर, जिथे बऱ्याच जणी वरचा सूर फेकतात, तिथे ती एका श्वासात पायऱ्या उतरत गेली. शेवटचा सूर इतका बारीक होता की चेलोवाल्यानं गज जवळजवळ थांबवला. रागावून झाल्यावर माणूस पुन्हा रडतो ते रडणं आधीसारखं नसतं. ते मला तिच्या त्या सुरांतून कळलं. छापलेल्या पानावर दोन्ही वेळचं रडणं एकच आहे. खरं तर पानावर ते एकदाच छापलेलं असतं आणि खाली फक्त 'दा कापो', म्हणजे पहिल्यापासून.

मी शेजारी पाहिलं. त्या एका आरियात अकरा फुल्या होत्या.

बसस्टॉपवर आमचं वाजलं. ती म्हणाली, "हँडेलला सुधारायला हिला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, हँडेललाच ते हवं होतं. त्यावर ती म्हणाली, "तुमच्याकडे संगीत लिहून ठेवायची पद्धत नाही, म्हणून तुला असं वाटतं." ते मला लागलं. अजून लागतं. माझे गुरुजी एका बंदिशीच्या मुखड्यावर महिनाभर बसवायचे, एक जागा इकडची तिकडे झाली की थांबवायचे. लिहिलेलं नसतं म्हणजे वाटेल ते चालतं, असं मानणाऱ्या माणसानं एकाही उस्तादासमोर शिकवणी घेतलेली नाही. आपल्याकडे बालगंधर्वांना लोकांनी एकाच पदाला वन्स मोअर दिले, ते प्रत्येक वेळी नव्या जागा ऐकायला मिळायच्या म्हणून. आणि त्यावरूनही वाद झाले की हे नाटक आहे की मैफल! ऑपेराचे रसिक भांडतात याचं मराठी माणसाला नवल वाटू नये. 1727 साली लंडनमध्ये फ्रान्चेस्का कुझोनी आणि फाउस्तिना बोर्दोनी या दोन गायिकांच्या चाहत्यांनी राजघराण्यातल्या व्यक्तीसमोर नाट्यगृहात इतका गोंधळ घातला होता की प्रयोग बंद पाडावा लागला. यातली कुझोनी म्हणजेच 1724 मधली पहिली क्लिओपात्रा.

त्या काळच्या गायकांना काय अपेक्षित होतं हे अंदाजानं सांगावं लागत नाही. पिएर फ्रान्चेस्को तोझी हा स्वतः कास्त्रातो, म्हणजे उंच आवाज टिकावा म्हणून लहानपणी खच्ची केलेला पुरुष गायक, आणि शिक्षक. त्याचं गाण्यावरचं पुस्तक 1723 मध्ये बोलोन्यात निघालं. त्याचं म्हणणं असं: पहिल्या भागात थोडेच आणि साधे अलंकार असावेत, म्हणजे रचना जशी आहे तशी कळेल, दुसऱ्या भागात थोडी कारागिरी, आणि पहिला भाग परत येईल तेव्हा जो तो बदलून अधिक चांगला करू शकत नाही, तो मोठा गायक नव्हे. हाच तोझी, शेवटच्या कादेन्झात, म्हणजे समारोपाच्या मोकळ्या तानेत, वाद्यवृंदाला ताटकळत ठेवून वावटळीतल्या वातकुक्कुटासारखा गळा गरगरवणाऱ्या गायकांवर मनापासून चिडतो. म्हणजे तुमची तक्रार त्यानं तीनशे वर्षांपूर्वी केली आहे, आणि तुमच्या उपायाला नकारही तेव्हाच दिला आहे.

मग 'साधं म्हणजे अस्सल' हे आलं कुठून? ते विसाव्या शतकातलं आहे. 1920 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला 'रोदेलिंदा' करून हँडेलचे ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आणले गेले, तेव्हा आरियांची काटछाट झाली, परतीचे भाग गाळले गेले, कास्त्रातोंच्या भूमिका खालच्या आवाजाच्या पुरुषांना दिल्या गेल्या. ऐकणाऱ्यांचे कान त्यावर तयार झाले. नंतर लाट उलटली. 1960 मध्ये व्हेनिसला जोन सदरलँड 'अल्चिना' गायल्या, 1966 मध्ये न्यूयॉर्कला बेव्हर्ली सिल्स क्लिओपात्रा गायल्या, आणि अलंकार परत आले. पण ते एकोणिसाव्या शतकातल्या बेल्लिनी-दोनिझेत्ती या संगीतकारांच्या वाटेनं आले. सदरलँड यांच्या गळ्यापुढे मी नतमस्तक आहे, पण त्यांचे शब्द मला ऐकू येत नाहीत, आणि शेवटी टाचलेला वरचा सूर हँडेलच्या घरचा नाही. त्या काळचा बासरीवादक क्वान्ट्झ यानं कुझोनीचा आवाज मधल्या सी पासून दोन सप्तकं असल्याचं नोंदवलंय. हँडेल तिला बहुतेक वेळा त्याच्या बराच आत ठेवतो. आरिया संपवायला तिला उंच उडी मारावी लागत नव्हती.

आता माझ्या चुकीबद्दलही सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे.

त्या भांडणानंतरच्या उन्हाळ्यात मी हौशी गाणाऱ्यांच्या एका शिबिराला गेले. हँडेलच्याच 1711 सालच्या 'रिनाल्दो'मधलं 'लाश्शा किओ पियान्गा' (मला रडू द्या) घेतलं. परतीच्या भागात मी मनातलं सगळं ओतलं. त्या आरियात ओळीच्या तुकड्यांमध्ये विश्रांती आहेत. त्या मला रिकाम्या वाटल्या, म्हणून मुरक्यांनी भरून काढल्या. 'सोर्ते' (नशीब) या शब्दावर आंदोलन घेऊन थांबले, मनासारखा सूर लागला म्हणून आणखी थांबले. हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला शेवटपर्यंत गाऊ दिलं. मग काही न बोलता चेलोवाल्या मुलीला फक्त बासची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची, ओळ वाजवायला सांगितली आणि मला नुसतं ऐकायला. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाले, प्रत्येक ठोक्याला फक्त एक सूर गा, तिच्याबरोबर. 'सोर्ते'ला आलो आणि माझ्या अंगावर काटा आला. मी ज्या सुरावर मुक्काम ठोकला होता, त्याच्या खालचा बास केव्हाच सरकून गेला होता. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज हलत नाही, कितीही थांबा, सुराचं नातं तेच राहतं. इथे पायाखालची जमीन चालत असते. आणि त्या विश्रांती? तो हुंदका आहे. तो भरून टाकला की रडणाऱ्या बाईचं तोंड दाबल्यासारखं होतं.

मी रात्रभर ते पान घेऊन बसले. बासची ओळ पाठ केली, मग तिच्या अंगानं जाणाऱ्या जागा शोधल्या. शेवटच्या दिवशी छोटा कार्यक्रम झाला, त्याला मैत्रीण मुद्दाम गाडीनं आली. या वेळी पुस्तक आणलं नव्हतं. गाणं झाल्यावर माझे हात हातात घेऊन म्हणाली, "बघ, शेवटी साधंच गायलीस आणि किती सुंदर झालं!"

मी नऊ ठिकाणी बदल केले होते. तिला एकही कळला नव्हता.

मी हे तिला लगेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आजतागायत ती तो प्रसंग स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून चार लोकांत सांगते. माझ्या दृष्टीनं तो वाद त्या दिवशी संपला. जे अलंकार शब्दाच्या अर्थातून आणि बासच्या चालीतून निघतात, ते अलंकार म्हणून कानाला टोचत नाहीत. 'आता ही सजवतेय' असं ज्या क्षणी वाटतं, तिथे बहुतेक वेळा गायिका यांपैकी एकाला सोडून गेलेली असते. 'किती' या तुमच्या प्रश्नाला आकडा नाही. मूळ चालीचे महत्त्वाचे सूर जागच्या जागी ऐकू येत असतील, तर चाळीस सूर जास्तीचे घेतले तरी चालतील. ते हरवले तर चारसुद्धा जास्त आहेत.

पुढे मी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात 'ऑत्तोने' या 1723 च्या ऑपेरातल्या काही आरियांचं हस्तलिखित आहे, त्यात गायकासाठीचे अलंकार खुद्द हँडेलच्या हातचे आहेत. त्याची छापील आवृत्ती मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. मूळ चालीच्या सुरांमधल्या मोकळ्या जागा त्यानं किती मायेनं भरल्या आहेत ते तिनं बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला आणि म्हणाली, "पण हे त्यानं लिहिलंय. म्हणजे हे स्वरलिपीतच आलं." अहो, त्यानं ते एका गळ्यासाठी लिहिलं! दुसऱ्या गळ्यानं ते जसंच्या तसं उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चोळी घालणं. हे तिला मी तेव्हा म्हणाले नाही, चहा गार होत होता. आज इथे म्हणते.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं इटालियन पद्धतीच्या आरियांबद्दल आहे. रामोसारख्या फ्रेंच संगीतकारांकडे अलंकार खुणांनी लिहिलेले असतात, तिथे परतीच्या भागात असा मोकळा हात नाही, आणि तिथे माझ्या मैत्रिणीची पेन्सिल बरोबर ठरू शकते. दुसरं, हल्ली बऱ्याचदा अलंकार वाद्यवृंदाचा संचालक किंवा शिकवणारे लिहून देतात, त्यामुळे न आवडलेल्या प्रत्येक जागेचं खापर गायिकेवर फोडू नका. तिसरं, ध्वनिमुद्रणावरून फार कडक मत बनवू नका. एका संध्याकाळी एकदाच घ्यायची जागा शंभरदा ऐकली की कृत्रिम वाटणारच.

आणि तुम्ही स्वतः ठरवायचं असेल तर 'पियान्जेरो' घ्या, कुठल्याही गायिकेचं. एकदा फक्त खालचा चेलो ऐका, आवाजाकडे लक्ष देऊ नका. मग पुन्हा लावा आणि परतीच्या भागात शेवटच्या 'अव्रो'वर ती कुठे जाते ते पाहा, वर की खाली, आणि त्या वेळी चेलो कुठे आहे. काय ऐकू आलं ते खाली लिहा, मला वाचायचं आहे.