सर्कशीत वाघ-सिंहांना मारहाण होत नव्हती, तर त्यांच्या खेळांवर बंदी कशासाठी?

मारहाण होत होती की नव्हती यावरच सगळे भांडतात, आणि गाडी तिथेच अडते. तुम्ही लिहिलंय की तुमच्या ओळखीच्या एका जुन्या रिंगमास्टरने जनावरावर कधी चाबूक उगारला नाही, मग सरकारने त्यांच्या पोटावर पाय का दिला, आणि प्राणिसंग्रहालयांना वेगळा न्याय का. उगारला नसेल. माझा विश्वास आहे. माझा सख्खा मामा सर्कशीत पिंजऱ्यांवर कामाला होता. मांस घालणं, पिंजरे धुणं, खेळाच्या वेळी जाळीच्या बोगद्यातून जनावरं रिंगणात सोडणं हे त्याचं काम. त्यानेही कधी हात उचलला नाही. तरीही बंदी बरोबर होती असं माझं मत आहे, आणि त्यावरून आमच्या घरात कित्येक दिवाळ्या कडू झाल्यात.

पावसाळ्यात सर्कस एखाद्या गावाबाहेर नुसती बसून असायची. खेळ नाहीत, पैसा नाही. गणपतीच्या सुट्टीत मी मामाकडे राहायला जायचो, ते अशाच मुक्कामांवर. प्रेक्षकाला सिंहाची आयाळ दिसते. मला त्याची कोपरं दिसायची. फळ्यांवर पडून पडून केस गेलेली, काळे घट्टे पडलेली. एक वाघीण होती, ती गजांना लागून चार पावलं चालायची, मान एकाच बाजूला टाकून वळायची, पुन्हा चार पावलं. सकाळी उठून बघा, रात्री जेवून बघा, तेच. जिथे वळायची तिथल्या फळीला तिचं अंग घासून चकाकी आली होती. गजाला घासून नाकाचं कातडं सोललेलं असायचं. मामा लांब काठीला फडकं बांधून त्यावर हळद-तेल लावायचा आणि ती शांतपणे लावून घ्यायची. मामा माझ्याकडे वळून म्हणायचा, "बघ, याला म्हणतात जीव लावणं." जीव लावला होता, यात शंकाच नाही. पण नाक सोलतंय कशामुळे, असं विचारलं की, "तुला काय कळतंय, पोरा."

खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. स्टुलावर बसायचं, कड्यातून उडी मारायची, परत बोगद्यात. उरलेला सगळा दिवस, सगळी रात्र आणि सगळा पावसाळा त्या चाकांच्या खोक्यात. चाबकाचा प्रश्न पंधरा मिनिटांपुरता आहे हो!

कायदा थोडक्यात सांगतो. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम २२ केंद्र सरकारला अधिकार देतं की ठरावीक प्राण्यांचे खेळ आणि खेळांसाठीचं प्रशिक्षण बंद करावं. तशी अधिसूचना १९९१ साली निघाली, सर्कसवाले कोर्टात गेले, मग १९९८ साली पुन्हा निघाली. यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह. धंद्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा केरळ उच्च न्यायालयाने २००० साली फेटाळला आणि मे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. मामाला सगळ्यात जास्त हे लागलं, की निकाल केरळातून आला. तलश्शेरी म्हणजे सर्कसवाल्यांचं माहेर. त्याच्या बोलण्यात विष्णुपंत छत्रे आणि दामू धोत्रे हटकून येतात: १८८० साली मराठी माणसाने देशातली पहिली सर्कस काढली, पुण्याचा पोरगा अमेरिकेत रिंगलिंगच्या सर्कशीत वाघ-बिबटे खेळवायला गेला, आणि आता आम्ही गुन्हेगार! धोत्र्यांच्या हिमतीबद्दल मला काही म्हणायचं नाही. हिंमत माणसाची होती, पिंजरा जनावराचा.

बंदीनंतर सर्कशींतली जनावरं बचाव केंद्रांत गेली. मामाच्या ताब्यातली एक सिंहीण दक्षिणेतल्या एका केंद्रात गेली आणि आम्ही दोघं तिला बघायला गेलो. तिथला राखणदार म्हणाला की तिच्यासाठी मोकळ्या आवाराचं दार उघडं ठेवलं तरी ती कितीतरी दिवस मातीवर पाऊल ठेवत नव्हती. उंबऱ्याशी पंजा टेकायची आणि मागे घ्यायची. मामाने तिथल्या तिथे मला ऐकवलं, "बघ, तिला पिंजराच हवा होता." मी तेच वाक्य ऐकून म्हणालो, मातीला घाबरणारा सिंह तुम्ही तयार केलात. परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. या केंद्रांत त्यांची पैदासही करत नाहीत, कारण सर्कशीतले बरेच सिंह आशियाई आणि आफ्रिकी संकराचे. म्हणजे ती ओळ तिथेच संपते. मला ते योग्य वाटतं.

आता प्राणिसंग्रहालय. खेळ करणाऱ्या प्राण्यांची कलमं त्यांना लागू नाहीत, कलम २७ मध्ये सरळ सूट आहे. त्यांच्यावर नजर ठेवतं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, १९९२ पासून. वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत सर्कसही प्राणिसंग्रहालयातच मोडते, त्यामुळे मान्यता, जागा, डॉक्टर हे निकष सर्कशीलाही आले, आणि फिरत्या तंबूला ते झेपणार कसे? २००९ साली याच प्राधिकरणाने हत्ती ठेवायलाही मनाई केली, प्राणिसंग्रहालयांना आणि सर्कशींना दोघांनाही. तेव्हा न्याय अगदीच वेगळा नाही. पण हेही कबूल, की जुन्या पद्धतीच्या सिमेंटच्या खोलीत येरझाऱ्या घालणारा बिबट्या मी तिकीट काढून पाहिलाय, आणि त्याच्यात नि मामाच्या वाघिणीत मला फरक दिसला नाही.

मामाचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. २०११ साली खेळबंदीच्या याच यादीत बैल घातला, २०१४ साली बैलांच्या शर्यती बंद झाल्या, मग राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ साली घटनापीठाने ते मान्य केले. मामा म्हणतो, बैलामागे मतं आहेत, सिंहामागे कोण? दुसरं, त्याच्यासारख्या पिंजरेवाल्यांचं पुढे काय होणार हे कुणी विचारलं नाही. वाघांसाठी केंद्रं निघाली, माणसांसाठी काही निघालं नाही. बंदी हवीच होती, पण ती अशी नको होती.

परत परवानगी मिळेल का? वाघ-सिंहांना, मला तरी वाटत नाही. कुत्रे, घोडे, पक्षी अजून चालतात, पण नोंदणी लागते आणि आजारी, जखमी किंवा गाभण जनावराला खेळवता येत नाही. कुठे असा खेळ बघायला गेलात तर मध्यंतरात तंबूच्या मागे चक्कर मारा, जनावरं कशात ठेवलीत ते बघा. खटकलं तर पोलिसांत तक्रार द्या. नोंदणीशिवाय खेळवलं तर शिक्षा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा १९६० चा आकडा आहे, त्यामुळे दंडाला कुणी भीक घालत नाही, पण तंबूच्या दारात पोलीस आलेले मालकाला परवडत नाहीत. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.