'लाइनीतून तूच आणलंस'

जुलै 2021. इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका सुनेचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणते, आणि पत्र बरंच लांब आहे, म्हणून मी थोडक्यात सांगते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ही आपल्या सासूबाईंना (वय 66) कोरोनावरच्या कोविशील्ड लसीचा पहिला डोस द्यायला घेऊन गेली. सासरे, म्हणजे अण्णा, 'आधी तुम्ही घ्या, मग बघू' म्हणत घरीच राहिले. केंद्र एका शाळेत होतं. दोनेक तास लाइन, टोचून झाल्यावर अर्धा तास एका वर्गात बसायचं. तिथे सासूबाईंना भजनी मंडळातली मैत्रीण भेटली, वर्षभराने. मास्क हनुवटीवर ओढून दोघी गप्पा मारत बसल्या. पाचव्या दिवशी सासूबाईंना ताप भरला. 'लसीचाच असेल' म्हणून दोन-तीन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. मग घरातले सगळेच पॉझिटिव्ह. सासूबाई घरीच बऱ्या झाल्या, अण्णा एप्रिलअखेर हॉस्पिटलात वारले. पुण्याच्या नणंदेला येता आलं नाही, तिने वडिलांचे अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर पाहिले. आता ती फोनवर वहिनीला ऐकवते, 'लाइनीतून तूच आणलंस. आईला परत नेलंस तर बघ.' सासूबाई म्हणतात, 'यांनी घेतलीच नाही, आता मी घेऊन काय करू?' आणि गल्लीतल्या बायका म्हणतात, 'तुमच्याकडे तर लस घेऊनसुद्धा झालाच ना!' सून मला दोन गोष्टी विचारते: मीच आणला का? आणि आईंना दुसऱ्या डोसला नेऊ की नको?

प्रिय सूनबाई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. ने. सासूबाईंची तयारी असेल तर जरूर ने.

तारखांचा घोळ तुझ्या एकटीचाच झालेला नाही. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी 4 ते 6 आठवडे होतं. 22 मार्चला ते 6 ते 8 झालं आणि 13 मेला 12 ते 16. त्यावर 19 मेला केंद्र सरकारने आणखी सांगितलं, की पहिल्या डोसनंतर ज्यांना कोरोना झाला त्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबून दुसरा घ्यावा. तुमच्या आई एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बऱ्या झाल्या असं तू लिहितेस, म्हणजे हा जुलै संपता संपता त्यांची वेळ होते. तोवर पहिल्या डोसला 16 आठवडे उलटून गेलेले असतील. जाऊ देत. उशिरा घेतला तरी तो दुसराच डोस धरतात, पाटी कोरी होत नाही. त्यांना मधुमेह आहे, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. पण मधुमेह आहे म्हणून लस टाळायची नसते, उलट अशांना ती आधी द्यायची म्हणून तर 1 मार्चपासून 60 वर्षांवरच्यांबरोबर 45 पुढच्या आजारी माणसांचाही नंबर लावला होता.

फक्त लसीकरणाच्या महाअभियानाच्या दिवशी जाऊ नकोस. 21 जूनला आपल्या शहरात एका दिवसात दोन लाखांवर डोस दिले गेले, राज्याचा आकडा देशात पहिला आला. इंदूरला स्वच्छतेपासून पहिल्या नंबराची सवयच लागलेली, त्यामुळे सगळे खूश. दुसऱ्या दिवशी राज्याचा आकडा धाडकन काही हजारांवर आला होता, ते कोणी फारसं बोललं नाही. आपल्याला विक्रमात भर घालायची नाही. आदल्या संध्याकाळी लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर कुठे लस शिल्लक आहे ते बघ आणि एखाद्या साध्या दिवशी दुपारी जा, लाइन उतरलेली असते. जिथे अर्धा तास बाहेर ओसरीत किंवा झाडाखाली बसू देतात असं केंद्र मिळालं तर उत्तमच.

गल्लीतल्या बायकांना एकच सांग: पहिला डोस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात आणि आईंना ताप पाचव्या दिवशी आला. त्या एका डोसाने आईंना वाचवलं असंही म्हणू नकोस. इतक्या लवकर तो फारसा उपयोगी पडला नसणार, आणि लसीची बाजू घ्यायला आपण खोटं बोललो तर पुढचं खरंही कोणी ऐकत नाही. पटली तर ठीक, नाही तर भाजी निवडायला घे.

आता पहिला प्रश्न.

लसीतून कोरोना होत नाही. कोविशील्डमध्ये जो विषाणू वापरतात तो कोरोनाचा नाहीच, चिंपांझीला सर्दी-पडसं देणाऱ्या जातीचा आहे आणि तोही शरीरात वाढू नये असा करून ठेवलेला असतो. त्याच्याकडून फक्त कोरोनाच्या वरच्या काट्याची ओळख आपल्या शरीराला करून दिली जाते. (ही लस वन्संच्या पुण्यातच बनते, हे त्यांना सांगायचा मोह तुला होईल. आवर.) लसीचा ताप बहुतेक करून पहिल्या-दुसऱ्या दिवशी येतो आणि उतरतो. पाचव्या दिवशीच्या तापाला टेस्टच करायला हवी होती, हे खरं आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. अख्ख्या गावात त्या महिन्यात प्रत्येक ताप 'लसीचाच' होता, आणि तू लिहितेस की तुमच्या ओळखीच्या केमिस्टनेही तेच सांगितलं.

लाइनीत लागण झाली असेल का? असेलही. 'छे, काहीतरीच काय' असं म्हणून मी तुझी समजूत घालणार नाही, कारण रात्री दोन वाजता तुला तो वर्ग पुन्हा दिसणारच आहे. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागतात, बहुतेकांना पाच-सहा. म्हणजे पाचव्या दिवसाचा ताप त्या शाळेतून आलेला असू शकतो. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातूनही आलेला असू शकतो. 21 मार्चपासून इंदूर, भोपाळ आणि जबलपूरला रविवारचा लॉकडाउन लागला होता तो उगाच नाही, साथ तेव्हाच गल्लीबोळांत शिरली होती. तुझे यजमान रोज सियागंजच्या दुकानात जात होते. अण्णा सकाळी दूध आणायला जायचे आणि तिथे त्यांचा कट्टा होता, हे तूच लिहिलंयस. ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण करू शकतो आणि काहींना तर ताप येतच नाही; तेव्हा घरात आधी कोणाला झाला आणि कोणाकडून कोणाकडे गेला, हे आता कोणतीही टेस्ट सांगणार नाही. मी तुला निर्दोष ठरवत नाहीये, सूनबाई. दोष कोणाचा हे ठरवताच येत नाही, एवढंच म्हणतेय. या दोन्हींत फरक आहे आणि पुढचं सगळं त्या फरकावर उभं आहे.

तुझं पत्र मी परत परत वाचलं ते मास्कच्या त्या एका ओळीसाठी. तू म्हणतेस, आईंनी मास्क खाली केला हे मला दिसत होतं, मी टोकलं नाही, कारण वर्षभरात त्या पहिल्यांदा अशा हसत होत्या. हे तू नवऱ्यालाही सांगितलेलं नाहीस. वन्संनाही नाही, नाही तर केव्हाच त्यांचं तोंड बंद झालं नसतं का तुझ्यापुढे? म्हणजे तू मुकाट्याने शिव्या खातेस त्यात थोडं सासूबाईंना पाठीशी घालणंही आहे. बरोबर ना?

पण मला सांग, तो मास्क कोणी खाली केला हे आणखी कोणाला माहीत आहे? सासूबाईंना. त्या विसरल्या असतील असं तुला वाटतं? मुलगी स्पीकरवर ओरडते, 'लाइनीतून तूच आणलंस', तेव्हा शेजारच्या खोलीत बसलेल्या त्या बाईला काय ऐकू येत असेल? तिला ऐकू येतं, 'लाइनीतून मी आणलं, माझ्यामुळे हे गेले.' 'आता मी घेऊन काय करू' हे लसीबद्दलचं वाक्य नाहीच मग. आपण का उरलो, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि दुसरा डोस न घेणं ही त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा आहे असं मला वाटतं. मी चुकतही असेन, पण विचारून बघायला काय हरकत आहे? तुझ्या चार पानांत लसीबद्दल नणंद काय म्हणते, दीर काय म्हणतो, शेजारी काय म्हणतात ते सगळं आहे. आईंना कोणी नीट विचारलंय असं कुठे दिसलं नाही.

तुमच्या घराने एक कोर्ट मांडलंय. आरोपी सापडला की दुःख हलकं होईल असं वाटतं माणसाला. पण तुमच्याकडचा खटला शेवटपर्यंत चालवला तर तो तुझ्यापाशी थांबणार नाही, त्या म्हातारीपाशी जाऊन थांबेल. म्हणून तो बंद करायचा, आणि तुझ्यासाठी नाही तर त्यांच्यासाठी बंद करायचा. हे एकदा मनाशी पक्कं झालं की तुला वन्संशी बोलताना आवाज चढवावा लागणार नाही.

वन्संचं म्हणशील तर मला त्यांचा राग येत नाही. बापाला अग्नी दिलेला मोबाइलवर बघितलाय त्या पोरीने, तोही मध्येमध्ये अडकणारा. रामबागच्या मुक्तिधामात तेव्हा कशी गर्दी होती ते आपण इथल्यांनी पाहिलं, त्यांनी नाही. त्यांच्या हाती आलेत ते ग्रुपवरचे तुकडे: आज ऑक्सिजन 88, आज डॉक्टर भेटले नाहीत, आज इंजेक्शन मिळालं. मधलं सगळं त्यांनी स्वतःच भरून काढलंय, आणि माणूस भरतो तेव्हा वाईटच भरतो. त्यांना एकदा इंदूरला बोलाव. गाड्या आता सुरू आहेत. हॉस्पिटलची फाइल त्यांच्यासमोर ठेव, बिलं, रिपोर्ट, सगळं. कोणत्या दिवशी काय झालं ते तारीखवार सांग, तापाचे ते दोन-तीन दिवससुद्धा सांग. मास्कचं मात्र सांगू नकोस. ते आईंचं आहे, सांगायचं तर त्या सांगतील.

आणि तोवर फोनवर पुन्हा तेच निघालं तर एवढंच म्हण: 'वन्सं, तुम्ही मला बोलता ते आईंना लागतं. मला काय बोलायचं ते इथे येऊन बोला, स्पीकरवर नको.' आणि खरंच स्पीकर बंद कर. निम्मं भांडण तिथेच मिटेल.

आता जरा कडक बोलते. तुझे यजमान या पत्रात कुठे आहेत? सिलिंडर मिळवायला रात्रभर फिरले तेवढ्या एका ओळीत दिसतात, त्यानंतर गायब. बहीण त्यांची, आई त्यांची, बाप त्यांचा, आणि बोलणी खायला तू! त्यांनी बहिणीला स्वतः फोन करायला हवा आणि 'वहिनीला यात ओढायचं नाही' हे स्वच्छ सांगायला हवं. ते गप्प का, याचाही अंदाज मला आहे. रोज दुकानात जाणारा माणूस तोच होता, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून त्याच्यावर बोट दाखवू नकोस हं, नाही तर कोर्ट तेच राहील, पिंजऱ्यातलं माणूस फक्त बदलेल. पण गप्प बसून चालणार नाही, हे त्याला सांग.

त्याच्यासाठी एक कामही आहे. तू लिहितेस की आईंची नोंदणी अण्णांच्या मोबाइल नंबरवर झाली होती, कारण आईंना तोच एक नंबर पाठ होता, आणि तो फोन तेव्हापासून कपाटात बंद पडलाय, यजमान हात लावू देत नाहीत. स्लॉट घ्यायचा, प्रमाणपत्र काढायचं, तर ओटीपी त्या फोनवर येणार. आपल्या नंबरावरून नव्याने नोंदवलंस तर पोर्टल पुन्हा पहिलाच डोस धरेल, बऱ्याच जणांचा असा गोंधळ झालाय. तेव्हा तो फोन चालू करायला लागेलच, आणि तो मुलानेच करावा. सिम इतके दिवस रिचार्जशिवाय आहे, आधी ते जिवंत आहे का बघा. बंदच झालं असेल तर पहिल्या डोसच्या प्रमाणपत्राचा कागद घेऊन केंद्रावर जा, त्यावर आईंच्या नावाचा नोंदणी क्रमांक असतो, सोबत पहिल्या वेळचंच ओळखपत्र हवं. फोनमध्ये लेकीचे न वाचलेले मेसेज असणार. ते कोणी उघडू नका. फोन तसाच वन्संसाठी ठेवा.

एक शेवटचं. चार पानांत तुझ्या स्वतःच्या लसीचा उल्लेख नाही. तुझं वय 41, मध्य प्रदेशात 18 वर्षांवरच्यांना 5 मे 2021 पासून लस मिळू लागली आणि 21 जूनपासून तर सरकारी केंद्रावर सगळ्यांनाच फुकट झाली. तूही तेव्हा पॉझिटिव्ह होतीस, तुझेही तीन महिने याच सुमारास पुरे होतात. दोघी एकाच दिवशी जा, आणि आईंना सांग की या वेळी मला सोबत हवी आहे, मला सुईची भीती वाटते. वाटत नसली तरी सांग.

तुझी,
ताई