घंगाळावरचं नाव

"घरातल्या जुन्या वस्तू आम्ही एवढ्या हौसेनं मांडल्या, तरी आई नाराज का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे बऱ्याच घरांमधून येतो. वाडे पडतायत, त्या जागी इमारती उभ्या राहतायत, माळ्यावरची भांडी खाली येतायत आणि ती हॉलमध्ये दिसावीत असं मुला-सुनांना मनापासून वाटतंय. मला त्याचं कौतुकच आहे. पण त्यावरून घरात अबोला सुरू होतो, तेव्हा नेमकं बिनसलं कुठे ते कुणालाच कळत नाही. नाशिकमधल्या एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सून आली ती रडवेली होऊनच. जुन्या नाशकातला वाडा पाडायला दिला, मधली वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि आता ही मंडळी नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. "लोक पितळ सरळ मोडीत घालतात, ताई. मी एकही भांडं मोडीत जाऊ दिलं नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. मोबाइलवर तिनं मला हॉल दाखवला. पितळी घंगाळ लख्ख पॉलिश करून त्यात झाड लावलेलं. जात्याच्या दोन्ही तळ्या टीपॉयच्या पायाला. पानाचा डबा, अडकित्ता आणि सासूबाईंचा जुना चष्मा काचेच्या पेटीत. वर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो, शेजारी मुलानं कुलवृत्तांतावरून करून घेतलेली, फ्रेम केलेली वंशावळ. पाहुणे येत, फोटो काढून नेत. सासूबाई मात्र हॉलमध्ये बसेनाशा झाल्या होत्या. जेवणाचं ताटही खोलीत. विचारलं की एकच उत्तर: "काही नाही गं. छान केलंयस."

मांडण्याआधी त्यांना विचारलं होतंस का, असं मी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना सरप्राइज द्यायचं होतं."

सासूबाई दोन आठवड्यांनी आल्या, एकट्या. वय 77. त्या पिढीतल्या बाईला 'मनात काय चाललंय' असं विचारलं की 'कुठं काय' एवढंच हाती लागतं. वस्तूबद्दल विचारलं की ती बोलते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी विचारलं, "काकू, ते घंगाळ घरात आलं कुठून?"

पुढचा पाऊण तास मला काही विचारावंच लागलं नाही. 1967 साली त्यांचं लग्न झालं. मामानं भांडी बाजारातून घंगाळ घेतलं आणि काठाखाली ठोकून नाव घालून घेतलं, टिंबाटिंबांचं, 'मामाकडून' आणि तारखेसकट. नाव माहेरचं. दुसऱ्याच दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं नाव मागे राहिलं. त्या नावानं हाक मारणारी थोरली बहीण होती, ती करोनात गेली. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते उच्चारलं तेव्हा किंचित लाजल्या, एवढं सांगते. तीन मुलांना त्या घंगाळातल्या पाण्यानं न्हाऊ घातलं. नवऱ्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणीही त्याच घंगाळात काढलं होतं.

"आता त्याच्या बुडाला भोक पाडलंय. झाडाचं पाणी जायला," त्या म्हणाल्या. "आणि नावाची बाजू भिंतीकडे केलीय." मग बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. "माणूस गेल्यावर भिंतीवर जातं हो. मी अजून आहे ना?"

माझ्या मते सगळ्या गुंत्याचं मूळ या एका वाक्यात होतं. सुनेला घराण्याची आठवण जपायची होती आणि सासूबाईंना जिवंतपणीच आपण नुसती आठवण होऊन बसल्यासारखं वाटत होतं. दोघींचंही चुकत नव्हतं. ज्या माणसाची वस्तू आहे ते माणूस घरात असताना वस्तूची जागा दुसऱ्यानं ठरवली, की त्याला आपणच बाजूला ठेवले गेल्यासारखं वाटतं.

पुढच्या वेळी मुलगा, सून आणि सासूबाई असे तिघेही आले. सुनेनं सगळं ऐकलं आणि तिला आधी रागच आला. संग्रहालयात दिवे, अडकित्ते काचेत ठेवतातच की, तिथे कुणी अपमान मानतं का? प्रश्न रास्त होता. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तिनं पाहिलेलं होतं. मी तिला आठवण करून दिली की दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावानं ते संग्रहालय उभं आहे. हजारो वस्तूंच्या मागे एका पोराची आठवण आहे, आणि दारावरच्या पाटीवर त्याचं नाव आहे. तुमच्या हॉलमध्ये कुणाचं नाव दिसतं?

मुलानं मोबाइलवर वंशावळीचा फोटो उघडला. सुनेनं तो बहुधा पहिल्यांदाच मोठा करून वाचला. नऊ पिढ्यांचे पुरुष. सासूबाई नव्हत्या. ती स्वतः नव्हती. तिची मुलगीही नव्हती. तिनं काही न बोलता मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला.

घरी करायला मी एकच गोष्ट सांगितली. प्रत्येकानं हॉलसाठी एक वस्तू निवडायची आणि तिची हकीकत बाकीच्यांना सांगायची. मध्ये कुणी बोलायचं नाही. जिची हकीकत सांगणारं कुणी निघणार नाही, ती नातलगाला द्यायची किंवा खुशाल मोडीत घालायची. पूर्वजांचं सगळंच सांभाळलं पाहिजे या ओझ्याखाली मी चांगली घरं अडगळीची झालेली पाहिली आहेत. आणखी एक, जे खरं तर समुपदेशनात येत नाही, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही: मूळ कृष्णधवल फोटो पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगले होते. उन्हानं ते विटतात. स्कॅन करून प्रती भिंतीवर लावा, मूळ फोटो कपाटात ठेवा.

मुलानं वडिलांचा जेवणाचा डबा निवडला. ते नाशिक रोडला सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये होते. डब्याला पोचा कसा आला ते सुनेला त्या दिवशी कळलं. सुनेनं आपल्या आजीची गोधडी माहेराहून आणली. ती आणायचं तिच्या आधी मनातच आलं नव्हतं, कारण 'घराण्याच्या' वस्तू म्हणजे सासरच्या, असं तिनंही धरूनच चाललं होतं. चष्मा पेटीतून निघाला. वंशावळ नव्यानं लिहायला घेतली आहे आणि माहेरची नावं सासूबाई सांगतायत, नात उतरवून घेतेय.

घंगाळाच्या बुडाचं भोक जुन्या बाजारातल्या कारागिराकडून डाग देऊन बुजवून आणलं. डाग दिसतो, पितळेत पांढुरका. सासूबाईंचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी घंगाळ गच्च भरून रात्रभर बाल्कनीत ठेवलं. सकाळी खालची फरशी कोरडी होती, असं त्यांनी मला आवर्जून फोन करून सांगितलं. आंघोळीचं पाणी तापवायचा बंब मात्र त्यांनी भाच्याला देऊन टाकला. त्याच्याकडे गावी अजून अंगण आहे.