तेजोमेघाची हिरवट झाक

प्रश्न : मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं तापमान सुमारे १०,००० अंश असतं असं वाचलं. शेकोटीपासून लांब सरकलं की ऊब कमी लागते. मग तिथला वायूही ताऱ्यापासून जितका दूर तितका गार असेल ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण शेकोटीचा नियम इथे चालत नाही.

या मेघाच्या पोटात चार ठळक तारे दाटीवाटीने बसलेत. त्यातला सर्वांत तेजस्वी पृष्ठभागावर जवळजवळ ३९,००० अंश तापलेला आहे. त्याचा अतिनील प्रकाशकण हायड्रोजनच्या अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो. सोडवणुकीला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) खर्ची पडतात. उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन वेगाच्या रूपाने घेऊन जातो. वायू तापतो तो त्या शिलकीवर. दूरवर प्रकाशकण कमी पोचतात, पण एकेकाची शिल्लक साधारण तेवढीच राहते. तेवढाच तप्त, पण जास्त तेजस्वी तारा असता तर आयनीभूत (म्हणजे इलेक्ट्रॉन सुटलेल्या अणूंचा) मेघ अधिक पसरला असता, फारसा तापला नसता. भाताच्या आधणाखाली गॅस कितीही मोठा करा, पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, तसंच काहीसं.

उष्णता बाहेर नेण्याचं काम मुख्यतः ऑक्सिजन करतो, आणि मला याचंच सर्वांत अप्रूप वाटतं. हायड्रोजनच्या दोन-तीन हजार अणूंमागे तो जेमतेम एक! दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनला धावता इलेक्ट्रॉन धडकतो, आपली ऊर्जा त्याला देऊन मंदावतो. ऑक्सिजन ती अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ धरून ठेवतो आणि मग हिरव्या प्रकाशात सोडून देतो. आपल्या हवेत एवढ्या वेळात त्याला असंख्य धडका बसल्या असत्या. तिथे एका घनसेंटिमीटरमध्ये कण काही हजारच, म्हणून त्याला सवड मिळते. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांना १८६४ मध्ये एका तेजोमेघाच्या वर्णपटात ही हिरवी रेषा दिसली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून पुढे 'नेब्युलियम' हे नवं मूलद्रव्यच कल्पलं गेलं. ते ऑक्सिजनच आहे हे भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं.

ज्या छोट्या दीर्घिकांत ऑक्सिजन फारच कमी, तिथले असे मेघ १५,००० अंशांच्याही वर जातात.

वांगणीला एका जानेवारीच्या रात्री आठ इंची दुर्बिणीतून मी हा मेघ पाहिला. त्या चार ताऱ्यांभोवती राखाडी धुकं होतं, त्याला अगदी पुसट हिरवट झाक. ती साधारण १,३०० वर्षांपूर्वी मेघातून निघालेली उष्णता होती. थंडीत अंधाऱ्या जागी जाऊन तुम्हीही बघा. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपासून थोडं दक्षिणेला.