लंडन ते पॅरिस: विमानाला नेमका किती वेळ लागतो?

आई-वडिलांना लंडनहून पॅरिसला न्यायचे आहे, तर अंतर किती, विमानाला किती वेळ लागतो आणि सकाळी निघून दुपारी फिरता येईल का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही शहरांमधले हवाई अंतर सुमारे ३४४ किलोमीटर आहे. विमान प्रत्यक्ष हवेत तासभरच असते, पण वेळापत्रकात सव्वा तास किंवा थोडा अधिक वेळ दाखवलेला असतो. कारण धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उड्डाणासाठी रांगेत थांबणे आणि उतरल्यावर फाटकापर्यंत पोहोचणे हे सारे त्यात धरलेले असते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दोनच धावपट्ट्या असल्याने परतताना लंडनजवळच्या बिगिन हिलच्या आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते, हेही मी अनुभवले आहे.

तिकीट पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॅरिसचे घड्याळ बाराही महिने लंडनच्या एक तास पुढे असते. त्यामुळे नऊला सुटणारे विमान अकरा-वीसला पोहोचते असे दिसले, तरी प्रवास एक तास वीस मिनिटांचाच असतो.

मात्र वृद्ध माणसे बरोबर असतील, तर मी विमान सुचवणार नाही. हीथ्रोला जाणे, दोन तास आधी पोहोचणे, सुरक्षा तपासणी आणि पुढे शार्ल द गॉल विमानतळावरून शहरात येणे हे धरले, तर घरापासून हॉटेलपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. त्याऐवजी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून युरोस्टार ही रेल्वेगाडी घ्यावी. लोहमार्गाचे अंतर ४९२ किलोमीटर असूनही ती साधारण सव्वादोन ते अडीच तासांत गार द्यु नोर या पॅरिसमधल्याच स्थानकात पोहोचवते. स्थानकावर तास-दीड तास आधी जावे लागते, कारण फ्रान्सची पारपत्र तपासणी लंडनमध्येच होते. त्यामुळे पॅरिसला गाडीतून उतरले की सरळ बाहेर पडता येते. गाडीत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नेऊ नये असा नियम नसल्याने माझ्या वडिलांच्या खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली कोणी काढायला लावली नाही, याचे आईला फार समाधान वाटले होते. १९९४ साली सुरू झालेला समुद्राखालचा बोगदा सुमारे ५० किलोमीटरचा असून गाडी वीसेक मिनिटे त्यात असते. बाहेर फक्त काळोख दिसतो, हे त्यांना आधी सांगून ठेवावे. सकाळी लवकरची गाडी धरली, तर दुपारी सीन नदीकाठी निवांत फिरता येईल.

व्हिसाची चौकशी मात्र आजच करावी. भारतीय पारपत्रावर ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही, तिथे वेगळा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा लागतो; ब्रिटन त्यात नाही. आणि मुंबईहून आधी पॅरिसला उतरून, लंडन करून पुन्हा पॅरिसहूनच परतण्याचा बेत असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा अर्ज भरतानाच मागावा.